जिना आणि कपाट

मराठी भाषेत ‘साधारण’ या शब्दाने जेवढे संसार सांभाळले आहेत, तेवढे पत्रिकेतल्या छत्तीस गुणांनीही सांभाळले नसतील. ‘साधारण पाचपर्यंत येतो’ असे सांगून निघालेला नवरा सव्वासातला उगवला तरी खोटा ठरत नाही. ‘साधारण वाटीभर तूप’ म्हणताना वाटी आमटीची की नैवेद्याची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. पाककृतींच्या पुस्तकांत तर ‘मीठ चवीनुसार’ असे लिहून लेखिका मोकळी होते. चव कोणाची, सासूची की सुनेची, याचा खुलासा पुढच्या पानावरही सापडत नाही. साधारण म्हणजे किती कमी आणि किती जास्त, हा प्रश्न सभ्य माणसाने विचारायचा नसतो.

हा असभ्य प्रश्न विचारण्याबद्दल मला बत्तीस वर्षे पगार मिळत होता. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी गुणवत्ता नियंत्रण खात्यात होतो. हे खाते नक्की काय करते हे आमच्या नातेवाइकांना अखेरपर्यंत कळले नाही. लग्न ठरताना मामेसासऱ्यांनी विचारले होते, ‘‘म्हणजे तुम्ही करता काय?’’

‘‘मोजतो.’’

‘‘काय मोजता?’’

‘‘मशीनला काय जमतं ते.’’

‘‘आणि मशीनवर काम?’’

‘‘ते दुसरे लोक करतात.’’

मामेसासरे थोडा वेळ गप्प बसले. मग भाचीकडे पाहून म्हणाले, ‘‘नोकरी पर्मनंट आहे ना, मग झालं तर.’’

मशीनला काय जमते ते मोजणे, याला आमच्या धंद्यात ‘प्रोसेस कॅपेबिलिटी’ म्हणतात. परिभाषा कोशवाले ‘प्रक्रिया क्षमता’ म्हणतील. मला मात्र आमच्या आजीचा ‘कुवत’ हा शब्द जास्त पटतो. ‘‘कुवत बघून ओझं द्यावं’’ असे ती म्हणायची. आमचे अख्खे खाते म्हणजे तिच्या या एका वाक्याचे आकडेमोडीत केलेले भाषांतर होते. फरक एवढाच की, आजीला सांगून कोणी ऐकत नसे आणि आम्हाला सांगून ऐकत नसले तरी पगार मिळे.

आता हे मोजायचे कसे ते सांगतो. घाबरू नका, गणित चौथीतल्या भागाकारापलीकडे जाणार नाही.

कारखान्यात ‘साधारण’ चालत नाही. म्हणजे चालते, पण आकडा लावून. ड्रॉइंगवर लिहिलेले असते की, शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर, अधिक-उणे ०.०२. म्हणजे वीस मायक्रॉन जाड झाला किंवा वीस मायक्रॉन बारीक झाला तर माल चालेल, त्यापलीकडे गेला तर परत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण (आला पाहा शब्द!) सत्तर मायक्रॉन जाड असतो. तेव्हा दोन्हीकडची मिळून दिलेली ही सवलत एका केसाच्याही आतली. ती देतात डिझाइन खात्यातले साहेब, पंख्याखाली बसून. ते देतात त्याला मर्यादा म्हणायचे.

मशीनने ते ड्रॉइंग वाचलेले नसते. मशीनला स्वतःची सवय असते. एकाच गजातून, एकाच टूलने, एकाच माणसाने केलेले दोन जॉब कधी तंतोतंत सारखे निघत नाहीत. कणीक तीच, पोळपाट तोच, हात तोच, तरी दोन पोळ्या एका मापाच्या होतात का? आमच्या घरच्या पोळ्यांचा व्यास मी एकदा पट्टीने मोजला होता. दुसऱ्यांदा मोजण्याची परवानगी मिळाली नाही. पण एकदाच्या मोजणीतही दिसायचे ते दिसले. बहुतेक पोळ्या एका मापाच्या आसपास गर्दी करतात, फार मोठ्या आणि फार लहान अगदी थोड्या असतात. आलेख काढला तर मधे शिखर आणि दोन्हीकडे उतार. या पसाऱ्याचे जे माप, त्याला म्हणतात सिग्मा. मधल्या आकड्यापासून तीन सिग्मा इकडे आणि तीन सिग्मा तिकडे, अशा सहा सिग्मांच्या पट्ट्यात हजारातले ९९७ जॉब मावतात. हा सहा सिग्मांचा पट्टा म्हणजे मशीनचा खरा घेर. साहेबांनी काहीही लिहिले तरी मशीन एवढी जागा घेणारच.

इथे मला नेहमी आमच्या चाळीचा जिना आठवतो. चाळीत कोणाकडे लोखंडी कपाट येणार असले की, सगळा मजला जिन्यात जमायचा. प्रश्न एकच असे, कपाट जिन्यात मावते का? जिना म्हणजे साहेबांच्या मर्यादा, कपाट म्हणजे मशीनचा घेर. जिन्याच्या रुंदीला कपाटाच्या रुंदीने भागा, की जो आकडा येतो तो ‘सीपी’. आमचा जिना चार फुटी होता. कपाट तीन फुटी असेल तर भागाकार १.३३. हमालांना कोपर हलवायला जागा राहते, बघ्यांना सल्ला द्यायला जागा राहते. कपाटही चार फुटी असेल तर भागाकार बरोबर १. चौघांनी श्वास रोखून न्यायचे, आणि तरी हजारात तीन वेळा खरवडणार. कपाट सहा फुटी असेल तर भागाकार ०.६७. मग हमालांना शिव्या घाला, बक्षीस लावा, जिन्यात सत्यनारायण घाला, कपाट वर जात नाही.

पण नुसते मावून भागत नाही. चार फुटी जिन्यातून तीन फुटी कपाट नेतानासुद्धा डावीकडचे हमाल भिंतीला धरून चालले तर रंग निघायचा तो निघतोच. म्हणून दुसरा भागाकार करतात. कपाटाच्या मध्यापासून जवळच्या भिंतीपर्यंत किती अंतर आहे ते पाहायचे आणि त्याला कपाटाच्या निम्म्या रुंदीने भागायचे. हा ‘सीपीके’. कपाट अगदी मधोमध असेल तर दोन्ही आकडे सारखे, १.३३. सहा इंच डावीकडे सरकले की सीपी तोच राहतो आणि सीपीके खाली येऊन १ होतो. पहिला आकडा कुवत सांगतो, दुसरा त्या कुवतीचे तुम्ही काय केले ते.

हे दोन आकडे मनात पक्के बसले की, माणसे वेगळीच दिसायला लागतात. आमच्या शेजारचे काका चार वाजता बोलावले की चार चाळीसला येतात. गेली वीस वर्षे चार चाळीस; कधी चार अडतीस, कधी चार बेचाळीस. बायको त्यांना बेभरवशाचे म्हणते. मी म्हणतो, त्यांच्याइतका भरवशाचा माणूस या गल्लीत नाही, त्यांचा सीपी उत्तम आहे, फक्त मध्य सरकला आहे. त्यांना तीन वीसला बोलवा, चारला हजर. याउलट आमचा प्लंबर. तो ‘उद्या येतो’ म्हणतो आणि तो उद्या आणि दिवाळी यांच्या मधे कुठेही येतो. त्याला आदल्या दिवशी बोलावून उपयोग नाही, महिनाभर आधी बोलावूनही नाही. तिथे कपाटच सहा फुटी आहे.

आणि एक अट आहे. कुवत मोजायची ती मशीन ठिकाणावर असताना. चार जिने धावत चढून आलेल्या माणसाचा रक्तदाब घेऊन त्याला गोळ्या सुरू करत नाहीत; तसे आधी मशीन स्थिर आहे ना, ते बघायचे. हे ज्याने पहिल्यांदा नीट मांडले तो अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीतला वॉल्टर शूहार्ट. १६ मे १९२४ रोजी त्याने साहेबांना एक टिपण दिले, एका पानाचे. त्यात एक छोटा आलेख होता. म्हणणे एवढेच की, फरक दोन जातींचे असतात. एक मुरलेला, रोजचा, शेकडो बारीकसारीक कारणांचा. तो त्या व्यवस्थेचा स्वभाव असतो. दुसरा अचानक आलेला, ज्याचे कारण शोधले तर सापडते. पहिल्या जातीच्या फरकाला दुसऱ्या जातीचा समजून कोणाच्या तरी मागे लागलात, तर नुकसान वाढते. हा गृहस्थ पुढे १९४७-४८ साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून आपल्याकडे येऊन तीन महिने राहिला होता. म्हणजे स्वातंत्र्याबरोबरच ही विद्याही या देशात आली. स्वातंत्र्य भोसरीपर्यंत लगेच पोचले. विद्येला वेळ लागला.

किती वेळ लागला ते सांगतो. ही १९८४ सालची गोष्ट. आमच्या शॉपमध्ये एक टर्नर होते. नवीन पोरांना लेथ शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. बावीस वर्षे नोकरी, अंगावर कधी शेरा नाही. त्यांच्या लेथवर हाच पंचवीस मिलिमीटरचा शाफ्ट लागला आणि रिजेक्शन सुरू झाले. आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून गोल करून सांगतो: शंभरातले पंधरा-सोळा जॉब बाद व्हायचे.

आमच्या फोरमनसाहेबांचा एका औषधावर गाढ विश्वास होता. ते म्हणजे झाडणे. आणि त्यांच्या बाजूने अनुभवही होता. ‘‘हे बघा,’’ ते म्हणायचे, ‘‘ज्या दिवशी वीस जॉब गेले त्या दिवशी मी झाडला, दुसऱ्या दिवशी चौदावर आला. मग मंगळवारी दहाच गेले म्हणून शाबासकी दिली, तर बुधवारी लगेच सतरा! कौतुकानं माणूस बिघडतो.’’ त्यांना कोण सांगणार की, फार वाईट दिवसानंतर बहुधा बरा दिवस येतो आणि फार चांगल्यानंतर बहुधा बेताचा, तुम्ही झाडा किंवा आरती ओवाळा. पाऊस थांबल्यावर छत्री मिटणारा माणूस, छत्री मिटली म्हणून पाऊस थांबला असे म्हणत नाही. फोरमनसाहेब म्हणायचे. जगातल्या पुष्कळ शिस्तप्रिय बापांची, हेडमास्तरांची आणि साहेबांची कीर्ती याच पायावर उभी आहे.

शेवटी मेमो टाइप झाला. ‘कामातील हेतुपुरस्सर दुर्लक्षामुळे कंपनीचे नुकसान’, तीन कार्बन प्रतींसह. मास्तरांच्या मुलीचे लग्न मे महिन्यात होते, आणि मेमोनंतर काय येते हे बावीस वर्षे नोकरी केलेल्याला सांगावे लागत नाही. त्यातली एक प्रत माझ्या टेबलावर आली. खाली लिहिले होते, ‘तांत्रिक शेरा’, आणि पुढे चार ओळी मोकळ्या. ‘सहमत’ असे लिहून सही केली की काम झाले, असे फोरमनसाहेबांनी शिपायाबरोबर निरोपही पाठवला होता.

मी म्हटले, शेरा देतो, पण आधी मोजतो.

पहिल्यांदा मायक्रोमीटर मोजला. हे ऐकून लोक हसतात. पण एकच जॉब तीन तपासनिसांच्या हातात दिला तर तीन आकडे येतात, हे पाहिल्यावर हसू थांबते. कोणी मायक्रोमीटर चिमटीत धरून आवळतो, कोणी पोक्त वैद्याने नाडी धरावी तसा अलगद. मोजणाराच डगमगत असेल तर मशीनला नावे ठेवण्यात अर्थ नाही. एक मायक्रॉनपर्यंत वाचणारे चांगले माप आणले, तिघांची धरण्याची पद्धत एक केली, मग लेथकडे वळलो.

मास्तर काम कसे करतात ते तासभर उभे राहून बघितले. एक जॉब करायचे, मोजायचे, पाच मायक्रॉन जाड निघाला की डायल पाच मायक्रॉन आत. पुढचा सात बारीक निघाला की डायल सात बाहेर. विचारले, ‘‘प्रत्येक जॉबला का हो हात लावता?’’ ते म्हणाले, ‘‘साहेबांची ऑर्डर आहे. प्रत्येक जॉब मोजा आणि लगेच दुरुस्त करा.’’ ऑर्डर लेखी होती, भिंतीवर लावलेली होती. चुलीवर वरण उकळते आहे आणि घरातला प्रत्येक माणूस जाता-येता चव घेऊन चिमूटभर मीठ नाहीतर पेलाभर पाणी टाकतो आहे, तसा हा प्रकार. मशीनचा स्वाभाविक फरक असतोच; त्यात या दुरुस्तीचा फरक मिळवला की, पसारा कमी व्हायच्या ऐवजी सुमारे एक्केचाळीस टक्क्यांनी वाढतो. हे गणिताने सिद्ध करता येते. पण भिंतीवरच्या ऑर्डरपुढे गणिताचे काय चालणार?

‘‘मास्तर, आता पन्नास जॉब काढायचे. नवीन टिप लावा, एकदा सेट करा आणि मग डायलला हात लावायचा नाही.’’

‘‘बाद झाले तर?’’

‘‘माझ्या नावावर.’’

मास्तरांनी डायल सोडली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहिल्यासारखे काम केले. जॉबवर खडूने एकापासून पन्नासपर्यंत आकडे घातले, कारण कोणता आधी आणि कोणता मागाहून हे कळले पाहिजे. मी मोजत गेलो. आकडे मांडायला आलेखाचा कागद हवा होता. स्टोअरमध्ये आलेखाच्या कागदाला तीन सह्या लागत. हाताशी मेमोची प्रत होती, पाठकोरी. तिच्यावरच चौकटी आखल्या आणि प्रत्येक जॉबची एक फुली, अशा फुल्या रचत गेलो.

मधे शिखर, दोन्हीकडे उतार. कुठे अचानक उडी नाही, कुठे एका बाजूला कल नाही; शिखर बरोबर पंचवीसवर. मशीन अगदी ठिकाणावर होते. आणि सिग्मा होता दहा मायक्रॉन. सहा सिग्मा साठ, साहेबांच्या मर्यादा चाळीस. भागाकार ०.६७. चार फुटी जिना आणि सहा फुटी कपाट! असे मशीन कोणीही चालवले तरी शंभरातले चार-पाच जॉब बाद होणारच होते. उरलेले अकरा भिंतीवरच्या ऑर्डरने बाद होत होते.

कागद मास्तरांना दाखवला. त्यांनी तेलकट बोट एका उतारावरून चढवून दुसऱ्या उतारावरून खाली आणले. मर्यादेच्या रेघेबाहेरच्या दोन फुल्यांपाशी बोट थांबले. म्हणाले, ‘‘म्हणजे मी घरी बसलो असतो आणि तुम्ही लेथवर असता, तरी हे गेलेच असते.’’

सांख्यिकीवरची जाड पुस्तके मी पुढे पुष्कळ वाचली. यापेक्षा नेमके वाक्य मला कुठे मिळाले नाही.

तोच कागद घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि मुद्द्याचा प्रश्न विचारला, ‘‘म्हणजे चूक कोणाची?’’

‘‘स्पिंडलच्या बेअरिंगची, साहेब. ती झिजली आहे.’’

‘‘तिला मेमो देता येत नाही.’’

‘‘नाही साहेब. बदलावी लागेल.’’

साहेबांचा चेहरा पडला. त्याचे कारण मी पुढे पुष्कळ कारखान्यांत पाहिले. मध्य सरकला असेल तर तो एका माणसाला पाच मिनिटांत, फुकटात सरकवता येतो. पसारा मोठा असेल तर तो कमी करायला पैसे लागतात आणि त्यावर वरच्या माणसाची सही लागते. म्हणून प्रत्येक साहेबाला मनापासून वाटत असते की, आपल्याकडे सगळा घोटाळा खालच्या माणसाने भिंतीला धरून चालण्याचा आहे. कपाट मोठे आहे हे ऐकणे त्याच्या खिशाला झेपत नाही.

बेअरिंग आली, बसली. पुन्हा पन्नास जॉब. सिग्मा पाचवर आला, भागाकार १.३३. हिशेबाने लाखात सहा बाद. भिंतीवरची ऑर्डर उतरली आणि तिच्या जागी एक तक्ता लागला: तासाला पाच जॉब मोजायचे, सरासरी मांडायची, आणि ती आखलेल्या रेघेबाहेर गेली तरच डायलला हात लावायचा. टूल झिजते तसा शाफ्ट हळूहळू जाड होत जातो, तेव्हा कधीतरी हात लावावा लागतोच. कधी, ते तक्ता सांगतो. मेमोच्या ‘तांत्रिक शेरा’ या चार ओळी तशाच कोऱ्या राहिल्या. शेरा मागच्या बाजूला होता.

पुढे या आकड्यांना फार चांगले दिवस आले. १९८६ साली अमेरिकेतल्या व्हिक्टर केन यांचा या विषयावरचा लेख प्रसिद्ध झाला आणि सीपीके हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी झाला. त्याच साली मोटोरोला कंपनीत ‘सिक्स सिग्मा’ निघाले. दहा लाखांत ३.४ दोष एवढेच माफ. त्या ३.४ मध्येसुद्धा हमाल आज ना उद्या दीड सिग्मा भिंतीकडे सरकणारच, हे गृहीत धरलेले आहे. माणसाचा स्वभाव ओळखून केलेले गणित मला तरी हे एकच माहीत आहे.

चांगले दिवस आले की जे होते तेच झाले. मोठी गिऱ्हाइके म्हणू लागली, १.३३ दाखवा तरच ऑर्डर. आणि मग सगळ्यांकडे १.३३ येऊ लागला. एका पुरवठादाराकडून सलग सहा महिने १.३४ आला, दर महिन्याला तेच तीस आकडे, त्याच क्रमाने, झेरॉक्सवरचा चहाचा डाग धरून. दुसऱ्याकडचे आलेख फार रेखीव होते. मर्यादेच्या रेघेला अगदी चिकटून फुल्यांचा उंच मनोरा, आणि रेघेपलीकडे ओसाड माळ. हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. शाळेच्या निकालपत्रात तेहतीस आणि चौतीस मार्कवाले कधी पाहिलेत? सगळे पस्तिसावर! तपासनीसही माणूसच असतो. मायक्रोमीटरवर एकवीस दिसले की, त्याला बाद जॉब, त्यावरचा फॉर्म, त्याची चौकशी, हे सगळे दिसते आणि तो वीस लिहितो. जिथे खऱ्या आकड्याला शिक्षा असते, तिथे आकडे खोटे होतात. मशीन बिचारे पूर्वीसारखेच चालत असते.

आणि समजा आकडे खरे असले आणि सगळा माल मर्यादेत असला, तरी गोष्ट संपत नाही. जपानमधल्या ‘असाही’ दैनिकात १९७९ साली सोनीच्या टीव्ही संचांची हकिकत आली होती. एकाच नमुन्याचे संच जपानमध्येही होत आणि अमेरिकेत सॅन डिएगोलाही. सॅन डिएगोचे जवळजवळ सगळे संच रंगाच्या मर्यादेत होते, पण मर्यादेत सगळीकडे सारखेच पसरलेले. काठावर पास झालेले भरपूर. जपानी संचांतले हजारात तीनेक मर्यादेबाहेर होते, पण बाकीच्यांची गर्दी मध्याभोवती. अमेरिकन गिऱ्हाइकांची पसंती जपानी संचांना होती. गिऱ्हाइकाला मर्यादा माहीत नसतात. त्याला चित्र चांगले दिसायला हवे असते.

‘‘हे सगळं माणसांना लावू नका हं,’’ असे आमच्या घरातून मला वारंवार बजावण्यात आले आहे. ते योग्यच आहे. नातवाला गणितात ७२, ६८, ७४, ७० असे मार्क पडतात. चौऱ्याहत्तरला सायकलचा शब्द आणि अडुसष्टला टीव्ही बंद, असा चिरंजीवांचा कारभार आहे. मी नातवाचा सिग्मा काढायला घेतला तेव्हा सूनबाईंनी कागद काढून घेतला. मूल म्हणजे लेथ नव्हे, हे मला मान्य आहे. लेथची बेअरिंग बदलता येते. मुलाला मोठे होऊ द्यावे लागते. पण अडुसष्ट आणि चौऱ्याहत्तर ही एकाच मुलाची रोजची चाल आहे, त्यात नवीन काही घडलेले नाही, एवढे कळले तरी एका घरातला टीव्ही चालू राहील. रागवायच्या आधी ‘हा फरक कोणत्या जातीचा?’ असे स्वतःला विचारायला फार वेळ लागत नाही. विचारून झाले की रागावता येतेच.

मास्तर १९९१ साली निवृत्त झाले. जाताना त्यांनी कंपनीकडून नेहमीचे घड्याळ घेतले आणि माझ्याकडे तो कागद मागितला. मला वाटले, ड्रॉवरमध्ये ठेवतील. मागे त्यांच्याकडे गेलो तर तो काचेच्या चौकटीत, देव्हाऱ्याच्या शेजारी! मेमो भिंतीकडे, फुल्या आपल्याकडे. बावीस वर्षांच्या नोकरीत मशीनला कोणी पहिल्यांदाच विचारले त्याची ती पावती, असे त्यांचे म्हणणे. आता कागद पिवळा पडलाय, शाई फिकी झालीय आणि ते मधले शिखर तेवढे ठळक उरले आहे. घरी येणारे पाहुणे हात जोडतात म्हणे, आणि विचारतात, ‘‘हे कुठलं देऊळ?’’

मास्तर सांगतात, ‘‘भोसरीचं.’’